‘चार्ज’ आणि बोजा

दिवाळी सरली की ब्रह्मपुरीच्या बाजारपेठेचा सूर बदलतो. आसपासच्या खेड्यांतून नव्या धानाची आवक सुरू होते, राइस मिलांचे पट्टे दिवसरात्र फिरू लागतात आणि वैनगंगेपलीकडे देसाईगंज-वडशापर्यंत मालाच्या गाड्यांची ये-जा वाढते. अशा एखाद्या दिवशी कान उघडे ठेवून गावातून फेरफटका मारला, तर एक इंग्रजी शब्द पावलोपावली भेटतो. मिलचा मिस्त्री ओरडतो, “हात लावू नका, लाइन चार्ज आहे.” गल्ल्यावरचा मुलगा मोबाइल चार्जिंगला लावतो. वाहतूकदार भाड्याखेरीज ‘लोडिंग चार्ज’ मागतो. सरकारी कार्यालयात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, कारण नव्या साहेबांनी अजून ‘चार्ज’ घेतलेला नसतो. न्यायालयाच्या आवारात कोणावर तरी ‘चार्ज’ ठेवला जाणार असतो. सिंदेवाहीच्या रस्त्याने आलेला सांगतो की वाघाने ‘चार्ज’ केला. आणि बँकेत, टेबलापलीकडचा अधिकारी शांतपणे म्हणतो, “घरावर बँकेचा चार्ज राहील.”

सात ठिकाणी सात अर्थ. पहिले सहा अर्थ प्रसंगच सांगून जातो. त्यांसाठी शब्दकोश लागत नाही. सातवा मात्र अनेक सुशिक्षित घरांतही नीट कळलेला नसतो, आणि नेमका तोच घराच्या दारापर्यंत येणारा असतो.

या शब्दाचे मूळ गाडीत आहे. ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. हा शब्द लॅटिनने गॉल लोकांकडून घेतला. त्यावरून पुढच्या काळातील लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ हे क्रियापद आले. त्याचा अर्थ गाडीत माल भरणे, गाडी लादणे. तेथून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन पोहोचला. मोटारीला आपण म्हणतो ती ‘कार’, जहाजावरचा ‘कार्गो’, उचलून नेणे या अर्थाचा ‘कॅरी’ ही सारी याच कुळातली भावंडे. व्यंगचित्राला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ म्हणतात तेही मूळ इटालियन शब्दाप्रमाणे ‘जास्त लादलेले’ चित्रच. थोडक्यात, ‘चार्ज’ म्हणजे ओझे. धानाची पोती रचून बाजाराकडे निघालेली बंडी डोळ्यांसमोर आणली की हा शब्द निम्मा कळला असे समजावे.

मराठीने हा शब्द स्वतःच्या शब्दांत आणताना नकळत तेच ओझे उचलले आहे, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे. अधिकारी ‘चार्ज’ घेतो तेव्हा मराठीत तो पदभार किंवा कार्यभार स्वीकारतो. तात्पुरता असेल तर प्रभारी म्हणवतो. ‘सरचार्ज’ला अधिभार म्हणतात. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात विजेचा प्रभार असतो. त्यातही एक धन आणि दुसरा ऋण, जणू एखाद्या पेढीचीच वही उघडली आहे. राज्यघटनेच्या 112व्या अनुच्छेदाप्रमाणे काही खर्च संचित निधीवर ‘भारित’ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन आणि सरकारी कर्जावरील व्याज अशा खर्चात मोडते. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. ‘चार्जशीट’ला दोषारोपपत्र म्हणतात, आणि आरोप या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ वर ठेवणे, चढवणे असाच आहे. मराठीत हल्ला चढवतात, दोष माथी मारतात आणि जमिनीवर बोजा चढवतात. घोडदळाच्या धडकेला मराठी बखरींच्या भाषेत ‘एल्गार’ हा खणखणीत शब्द होता. त्याची जागा ‘चार्ज’ने घेऊ नये असे वाटते. वाघाच्या बाबतीतही तसेच. तो अंगावर धावून येऊन ऐनवेळी थबकतो, त्याला ‘हूल देणे’ हा मराठीचा अचूक शब्द आहे.

धानाच्या व्यापाऱ्याच्या तोंडी तर या ओझ्याचा एक फारसी भाऊ रोजच असतो. ‘बार’ म्हणजे फारसीत भार आणि ‘दान’ म्हणजे ठेवण्याची जागा. त्यांतून झालेले बारदान. संस्कृतातील भार आणि फारसीतील बार हे एकाच मुळाचे. मिलच्या कोपऱ्यात रचलेली बारदानाची थप्पी आणि बँकेच्या कागदावरचा ‘चार्ज’ अर्थाने एकमेकांपासून फार दूर नाहीत.

परक्या शब्दाला या मातीत नवा संसार मांडता येतो, याचे उदाहरण तांदळाच्याच बाजारात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेले धान ज्या नावाने देशभर गेले, ते ‘एचएमटी’ हे नाव त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे. आज ब्रह्मपुरीत ‘एचएमटी आहे का?’ असे विचारणाऱ्याला कोणी घड्याळ दाखवत नाही. संदर्भ इतका पक्का असला की शब्द कितीही अर्थ वाहू शकतो. धोका संदर्भ पातळ असतो तेथे असतो.

विजेचा ‘चार्ज’ मागाहून आला. अठराव्या शतकाच्या मध्यास विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज साठवण्याची युक्ती शोधली. बंदुकीत दारू भरावी तशी ती बरणी ‘भरली’ जाई. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशा अनेक बरण्या जोडल्या आणि त्या रांगेला तोफांच्या रांगेचे नाव दिले, ‘बॅटरी’. धन आणि ऋण ही विजेची विभागणीही त्यांच्याच पत्रव्यवहारातून रूढ झाली. आता मोबाइल चार्ज करताना कोणाला तोफखाना आठवत नाही. वीजबिलावर मात्र महावितरणने ‘चार्ज’साठी भार हा शब्द न घेता आकार हा शब्द घेतला: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. ही निवड चांगली आहे. सातबाराच्या उताऱ्यावर जमीन महसुलाच्या आकारणीचा ‘आकार’ आधीपासून होताच. शिवाय बिलावर ‘भार’ हा शब्द जोडणी किती किलोवॅटची आहे हे सांगण्यासाठी लागतो. एका कागदावर एका शब्दाचे दोन अर्थ होऊ नयेत, एवढी काळजी तेथे घेतली गेली. बँकांच्या कागदांत ती घेतली गेली नाही.

तत्पूर्वी हिशेबाच्या वहीतला ‘चार्ज’ पाहणे इष्ट, कारण भावाभावांच्या पेढीत त्यावरून मने दुखावतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की काही रकमा नफ्यावरचा ‘चार्ज’ असतात आणि काही नफ्याची वाटणी. पहिल्या प्रकारच्या रकमा नफा असो वा तोटा, आधी वजा होतात: घसारा, दुकानभाडे, कर्जावरील व्याज. दुसऱ्या प्रकारच्या रकमा नफा झाला तरच मिळतात. भागीदारी कायदा 1932 च्या कलम 13 मध्ये हा भेद स्पष्ट आहे. वेगळा करार नसेल तर भागीदाराने ठरलेल्या भांडवलापेक्षा अधिक रक्कम पेढीला उसनी दिल्यास तिच्यावर सालीना 6 टक्के व्याज त्याला मिळते. भांडवलावर व्याज द्यायचे करारात ठरलेले असेल, तरी ते केवळ नफ्यातून.

आता धाकट्या भावाने मिलच्या नव्या यंत्रासाठी आपली शिल्लक पेढीत घातली, पण ती उसनवार की भांडवल हे कोठेच लिहिले नाही, अशी कल्पना करावी. धान महाग आणि तांदूळ स्वस्त असे एक वर्ष येते, पेढीला तोटा होतो. थोरला म्हणतो, नफाच नाही तर व्याज कसले? धाकटा म्हणतो, माझे व्याज हा पेढीवरचा ‘चार्ज’ आहे, नफ्यातोट्याशी माझा संबंध नाही. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. रक्कम कोणत्या खात्यात जमा दाखवली, यावर निकाल अवलंबून असतो आणि ते खाते बहुधा मुनीमजींनी सवयीने उघडलेले असते.

बँकेच्या टेबलावर या शब्दाला एकवचन आणि अनेकवचन असे दोन वेगळे जन्म आहेत. अनेकवचनी ‘चार्जेस’ म्हणजे शुल्क: प्रक्रिया शुल्क, तपासणी शुल्क, मूल्यांकनाचा खर्च. एकवचनी ‘चार्ज’ म्हणजे मालमत्तेवरील हक्क, ज्याला कायद्याच्या मराठीत प्रभार आणि सातबाराच्या भाषेत बोजा म्हणतात. मराठी बोलण्यात इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्यय बहुधा गळून जातो. ‘किती चार्ज पडेल?’ असेच आपण विचारतो. घोटाळा येथे जन्मतो.

समजा, एका राइस मिलला खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट हवे आहे. मिल मुलगा चालवतो. घर आईच्या नावे आहे, जसे व्यापारी कुटुंबांत पुष्कळदा असते. अधिकारी सांगतो, “आईंना आणावे लागेल, घरावर चार्ज करायचा आहे.” मुलगा घरी येऊन सांगतो, “आई, उद्या बँकेत सहीला यायचे आहे. काही चार्ज वगैरे लागत नाही, फक्त सही.” मुलगा खोटे बोललेला नाही, सहीसाठी आईला खरोखरच एक रुपयाही द्यावा लागत नाही. अधिकारीही खोटे बोललेला नाही. तरीही दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून एक घर निसटलेले असते. आई इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर खुणा केलेल्या जागी सह्या करते आणि चहा घेऊन परतते.

तिने कशावर सही केली? पुष्कळदा दोन गोष्टींवर. एक, हमीपत्र, करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराचे दायित्व, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकेच असते. दुसरी, घराच्या मूळ दस्तऐवजांची बँकेकडे ठेव, म्हणजे कायद्याने गहाणच. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 गहाण आणि प्रभार यांत भेद करतो. कलम 100 प्रमाणे प्रभारात मालमत्ता पैशाची हमी म्हणून बांधली जाते, पण व्यवहार गहाणाइतका पुढे जात नाही. आणि अशा प्रभाराची कल्पना नसताना मोबदला देऊन मालमत्ता घेणाऱ्याविरुद्ध तो सहसा बजावता येत नाही. बँकेतील रोजच्या बोलण्यात मात्र या दोहोंना सरसकट ‘चार्ज’ म्हणतात. बोलण्यातली ही ढिलाई अधिकाऱ्याला परवडते, आईला परवडत नाही. ठेवलेले दस्तऐवज एका कर्जापुरते आहेत की ‘आजची व पुढील सर्व येणी’ त्यांत येतात, हे एक वाक्य तिला मराठीत वाचून दाखवायला पाच मिनिटे लागतात. दुसऱ्या प्रकारचा मजकूर असला, तर मिलचे आजचे कर्ज फिटूनही मुलाच्या उद्याच्या कर्जासाठी घर अडकलेलेच राहू शकते.

याच ठिकाणी मराठीतील दोन जुने शब्द समोरासमोर येतात. बँक ज्याला तारण म्हणते, त्यालाच घरमालक बोजा म्हणतो. वस्तू एकच, नोंद एकच. एकाला ती तारणारी, दुसऱ्याला वाकवणारी. इंग्रजीत दोन्ही बाजूंना ‘चार्ज’ म्हणून भागते. कोण कोणत्या बाजूला बसला आहे ते मराठी शब्द लगेच सांगतो.

मिलमधील धानावरचा प्रभार आणखी निराळा. घर जागेवर असते. धान आज येते, उद्या त्याचा तांदूळ होतो, परवा गाडीत चढते. बँक धानाला कुलूप लावत नाही, माल मालकाच्याच ताब्यात राहतो. यासाठी ‘नजरगहाण’ हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे आणि तो इंग्रजी ‘हायपोथिकेशन’पेक्षा किती तरी बोलका आहे. 2002 च्या सरफेसी कायद्यातील व्याख्येप्रमाणे ताबा न देता आजच्या किंवा भविष्यातील जंगम मालावर निर्माण केलेला ‘चार्ज’ म्हणजे हायपोथिकेशन. दरमहा दिले जाणारे मालाचे विवरण हे त्या नजरेचे साधन. त्यातील मालाच्या किमतीतून उधारीवर आणलेला माल आणि ठरलेला मार्जिन वजा करून किती रक्कम उचलता येईल ते ठरते.

ब्रह्मपुरीसारख्या भागात येथे एक खास अडचण आहे. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळ यांनी हमीभावाने खरेदी केलेले धान भरडाईसाठी मिलमध्ये येते. क्विंटलमागे कच्च्या तांदळाचा 67 किलो हा ठरलेला उतारा शासनाला परत द्यायचा असतो. मिलच्या आवारात हे धान आणि मालकाचे स्वतःचे धान शेजारी शेजारी रचलेले असते. पोती दिसायला सारखीच. पण पहिल्या थप्पीवर मालकाचा हक्क नाही, म्हणून बँकेचा चार्जही नाही. तिची किंमत विवरणात धरली गेली, मग ती कारकुनाच्या घाईने असो वा मालकाच्या मोहाने, तर जे आपले नाही ते गहाण टाकल्यासारखे होते आणि तपासणीच्या दिवशी त्याला चूक म्हणून कोणी सोडून देत नाही. दोन थप्प्यांवर दोन ठळक पाट्या आणि दोन स्वतंत्र नोंदवह्या, एवढा खर्च मिलला जड नाही.

‘चार्ज’ हा शब्द निवडल्याने कर्जदाराच्या खिशात थेट पैसे राहिले, असेही एक उदाहरण आहे. हप्ता चुकला की पूर्वी दंडव्याज लागे, ते मुद्दलात मिसळे आणि पुढे व्याजावर व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने हे बदलले. कराराच्या अटी मोडल्याबद्दलचा दंड ‘व्याज’ म्हणून न लावता ‘चार्ज’ म्हणून, म्हणजे दंडात्मक शुल्क म्हणून लावावा आणि तो मुद्दलात मिसळू नये, असे ठरले. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. व्याज वाढत जाते, शुल्क जेथल्या तेथे राहते. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला, एवढेच वरवर दिसते. जुन्या काळात थकलेली खाती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचे मोल कळेल.

त्यापुढील पाऊल 15 एप्रिल 2024 चे. किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांची मुदतकर्जे यांसाठी मुख्य तथ्यांचे एक विवरण देणे बंधनकारक झाले. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या कर्जांना ते द्यावेच लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, आणि त्यात न दाखवलेले शुल्क कर्जाच्या मुदतीत त्याच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. ते मराठीत मागणे हा हक्क आहे; मेहेरबानी नव्हे. मात्र वर सांगितलेले कॅश क्रेडिट हे मुदतकर्ज नव्हे, त्यामुळे मिलमालकाने या विवरणावर विसंबून राहू नये. कॅश क्रेडिटचे मंजुरीपत्रच ओळ न् ओळ वाचावे लागते. तेथे ‘चार्जेस’ बहुधा एका रकान्यात असतात आणि ‘चार्ज’ भलत्याच ठिकाणी, तारणाच्या मथळ्याखाली.

कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो, हा समज तर सर्वांत पक्का आणि सर्वांत महागडा. बँकेच्या वहीत खाते शून्यावर आले, तरी सरकारी दप्तरातील नोंद स्वतःहून पुसली जाईलच असे नाही. शेतजमीन असेल तर सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा तसाच राहू शकतो. सहकारी संस्थेचे पीककर्ज असेल तर 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 48 प्रमाणे जमिनीवर चढलेला बोजाही तेथेच. गावठाणातील किंवा शहरातील घराची आखीव पत्रिका निराळी पाहावी लागते. दस्तऐवज ठेवून केलेल्या गहाणाची सूचना महाराष्ट्रात 2013 पासून दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. विक्रीच्या वेळी शोध घेणाऱ्या वकिलाला ती सापडते. पेढी खाजगी कंपनी असेल, तर कंपनी निबंधकाकडे प्रभाराची नोंद असते आणि फेड झाल्यावर ‘सीएचजी-4’ नमुना भरावा लागतो. ही नोंद वर्षानुवर्षे पडून राहते आणि मुलीच्या लग्नाच्या किंवा भावांच्या वाटणीच्या वेळी, ज्याने कर्ज घेतले तो हयात नसताना, समोर येते.

रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशाने कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदवलेले प्रभार काढून टाकणे बँकांना बंधनकारक केले. विलंब बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण हा आदेश गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी आहे. मिलच्या कॅश क्रेडिटसाठी आईने ठेवलेल्या घराच्या कागदांना या 30 दिवसांचा आधार धरता येत नाही. तेथे मागणी लेखी करावी लागते आणि तिची पोच घ्यावी लागते.

व्यवहारात क्रम असा आहे: शेवटचा भरणा झाला की बेबाकी दाखला घ्यावा, दस्तऐवजांची यादी मूळ पावतीशी ताडून पाहावी, हमीपत्र रद्द झाल्याचे पत्र मागावे आणि बोजा कमी करण्याचा अर्ज बँकेमार्फत करवून घ्यावा. सातबाराच्या बाबतीत हे काम आता ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होते. फेरफार मंजूर झाला की उताऱ्याची नवी प्रत काढावी आणि ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. ज्या आईने सही केली होती, तिला तो उतारा घरी नेऊन दाखवावा आणि या खेपेस सांगावे की घरावर आता खरोखरच काही चार्ज नाही.